राहत्या घराचे नूतनीकरण : ताण आणि गैरसोय आटोक्यात कशी ठेवावी

राहत्या घरात तोडफोड सुरू झाली की आठवडाभरातच घरातली माणसे बदलल्यासारखी वागू लागतात. एरवी समजूतदार असणारी व्यक्ती चार्जर सापडत नाही एवढ्यावरून चिडते, मुले विनाकारण रडकुंडीला येतात आणि ज्या गोष्टीवर महिनाभरापूर्वी सर्वांचे एकमत झाले होते, तिच्यावर पुन्हा वाद सुरू होतो. धूळ, आवाज आणि पसारा ही याची उघड कारणे आहेत. माझ्या मते मात्र मुख्य कारण त्यांच्या मागे असते : आपल्याच घरात पुढच्या दोन तासांत काय होणार हे आपल्याला ठाऊक नसते आणि जे चालले आहे ते थांबवणे आपल्या हातात नसते.

या म्हणण्याला प्रयोगांचाही आधार आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना मोठा आवाज ऐकवला आणि तो थांबल्यानंतर त्यांना कोडी सोडवायला व मुद्रिते तपासायला दिली. ठरावीक अंतराने आवाज ऐकलेल्यांच्या तुलनेत, केव्हाही अचानक येणारा आवाज ऐकलेल्यांनी लवकर हार मानली आणि अधिक चुका केल्या. काही जणांना आवाज बंद करण्याचे बटण दिले होते, पण शक्यतो ते वापरू नये असेही सांगितले होते. बहुतेकांनी ते दाबले नाही. तरीही ते हाताशी आहे एवढ्यानेच त्यांच्यावरचा परिणाम बराच कमी झाला. घराच्या कामातली गैरसोय पूर्णपणे टाळता येत नाही, परंतु ती आधी कळेल अशी व्यवस्था लावता येते आणि काही गोष्टी निश्चयाने स्वतःच्या ताब्यात ठेवता येतात. पुढील सर्व सूचना याच दोन सूत्रांवर बेतलेल्या आहेत.

घरात राहावे की बाहेर जावे

हा निर्णय बहुतेक वेळा केवळ पैशांकडे पाहून घेतला जातो. तो आधी पाणी, स्वच्छतागृह आणि झोप या तीन गोष्टींकडे पाहून घ्यावा. घरात एकच स्वच्छतागृह असेल आणि तेच फोडायचे असेल, तर त्या काळात तिथे राहण्याचा आग्रह धरू नये. वॉटरप्रूफिंग, त्यानंतर पाणी साठवून घेतली जाणारी २४ ते ४८ तासांची गळतीची चाचणी, टाइल बसवणे आणि त्यांच्यामधल्या फटींत ग्राउट भरणे या क्रमातला एकही टप्पा आवळता येत नाही, आणि घरातली माणसे खोळंबली आहेत म्हणून तो आवळला, तर त्याची किंमत पुढे ओल आणि गळतीच्या रूपाने मोजावी लागते. स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह ही दोन्ही कामे एकाच वेळी काढण्याचा मोह अनेकांना होतो, कारण त्यामुळे एकूण दिवस कमी होतात. घरात राहूनच काम करवून घ्यायचे असेल, तर हा मोह टाळलेला बरा.

संपूर्ण काळ बाहेर राहणे शक्य नसेल, तर निवडक दिवस तरी बाहेर काढावेत. तोडफोडीचे, भिंतीत पाइप आणि वायरिंगसाठी चर पाडण्याचे, टाइल व दगड कापण्याचे, पुट्टी घासण्याचे आणि ऑइलपेंट किंवा पॉलिश लावण्याचे दिवस सर्वांत त्रासाचे असतात. हे दिवस कोणते असतील हे कंत्राटदाराला सुरुवातीलाच विचारून ठेवावे. दमा असलेल्या व्यक्ती, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी या दिवसांतला मुक्काम इतरत्र हलवणे ही चैन नव्हे, ती आवश्यकता आहे. घर जुने असेल तर अधिक सावध राहावे, कारण जुन्या रंगात शिसे आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. शिशाची कोणतीही पातळी मुलांसाठी सुरक्षित मानली जात नाही. अशी शंका असल्यास जाणकाराकडून तपासणी झाल्याशिवाय रंग कोरडा घासू देऊ नये आणि पत्रे फोडू देऊ नयेत.

वेळेचा आणि पैशांचा अंदाज

डॅनियल काहनेमन आणि एमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मानवी नियोजनातला एक सर्वसाधारण दोष मांडला : पूर्वीची तशीच कामे लांबली होती हे माहीत असूनही माणूस आपल्या कामाचा अंदाज सगळे सुरळीत होईल असे गृहीत धरून करतो. २००२ सालच्या एका पाहणीत स्वयंपाकघराचे नूतनीकरण केलेल्या अमेरिकी घरमालकांचा प्रत्यक्ष सरासरी खर्च त्यांच्या अपेक्षेच्या दुपटीहूनही थोडा अधिक निघाला. यात दरवेळी फसवणूकच असते असे नाही. भिंत उघडल्याशिवाय आतला गंजलेला पाइप दिसत नाही, आणि नव्या टाइल बसल्या की त्यांच्याशेजारचा जुना दरवाजा डोळ्यांना खुपू लागतो.

म्हणून एकूण अंदाजाच्या १५ ते २० टक्के रक्कम वेगळी काढून ठेवावी आणि ती केवळ भिंतीआडून निघणाऱ्या अडचणींसाठी आहे, सुचत जाणाऱ्या हौसेसाठी नाही, असे घरात आधीच ठरवावे. वेळेच्या बाबतीत, सांगितलेल्या मुदतीत निदान एक तृतीयांश भर घालून आपला कार्यक्रम आखावा. परीक्षा, लग्नकार्य, बाळंतपण किंवा नोकरीतला मोठा बदल ज्या महिन्यांत येतो, त्या महिन्यांत काम काढू नये. तीन महिने थांबल्याने घराचे फारसे बिघडत नाही. घाईने मात्र माणसे बिघडतात.

कामाचा क्रम आणि त्यातील थांबे समजून घेतल्यानेही मनावरचा बराच भार उतरतो. आधी तोडफोड, मग भिंतीआडचे पाइप आणि वायरिंग, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, फरशी व टाइल, सुतारकाम, रंग आणि शेवटी नळ, दिवे व इतर फिटिंग असा साधारण क्रम असतो. सिमेंटच्या कामावर किमान सात दिवस पाणी मारावे लागते. चिकटद्रव्यावर बसवलेल्या टाइलवर साधारण २४ तास पाय ठेवायचा नसतो. नव्या प्लास्टरला रंग देण्याआधी ते पूर्ण वाळावे लागते आणि त्याला चार आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. ज्याला हे माहीत नसते, त्याला एकही कामगार न आलेला दिवस वाया गेल्यासारखा वाटतो आणि तो कंत्राटदारावर दबाव आणू लागतो. वास्तविक अशा दिवशी भिंत आपले काम करीत असते. मात्र वाळण्यासाठीचा थांबा आणि कामगार दुसऱ्याच्या कामावर गेल्यामुळे पडलेला थांबा यांतला फरक ओळखता यायला हवा, आणि त्यासाठी हे आकडे ठाऊक असणे आवश्यक आहे.

उद्याचा कागद

सर्वांत उपयुक्त साधन कोणते असे विचारले, तर मी दारामागे चिकटवलेल्या एका साध्या कागदाचे नाव घेईन. रोज संध्याकाळी काम संपताना मुकादमाला किंवा कंत्राटदाराला पाच मिनिटे थांबवून चार प्रश्न विचारावेत : उद्या कोण येणार, किती वाजता येणार, कोणती खोली बंद राहणार, आणि पाणी किंवा वीज केव्हा व किती वेळ तोडली जाणार. उत्तरे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून सर्वांना दिसतील अशी लावावीत. मशीनचा आवाज सकाळी दहा ते बारा या वेळेत होणार आहे हे आधी कळले, तर ऑनलाइन बैठक दुपारी ठेवता येते, तान्ह्या बाळाची झोप पुढे ढकलता येते आणि आजारी माणसाला तेवढा वेळ शेजारी नेऊन बसवता येते. आवाज तेवढाच होतो, पण तो अंगावर येत नाही.

सांगितलेले दरवेळी पाळले जाईल असे नाही. गवंडी आजारी पडतो, माल उशिरा येतो. म्हणून बदल झाल्यास कामावर यायच्या वेळेआधी फोन करावा, एवढा एक करार सुरुवातीलाच करून घ्यावा. न येण्यापेक्षा न कळवण्याचा त्रास अधिक होतो, हे कंत्राटदाराला स्पष्ट शब्दांत सांगितले तर बहुतेक वेळा त्याला ते पटते. काम सुरू होण्याची आणि थांबण्याची रोजची वेळही अशीच ठरवून घ्यावी, आणि संध्याकाळी ठरल्या वेळेनंतर घर पुन्हा घरच्यांचे असेल, यावर ठाम राहावे.

निर्णयांचा थकवा

नूतनीकरणात लहान निर्णयांची संख्या छाती दडपवणारी असते. बटणे कोणत्या उंचीवर, नळ कोणत्या बाजूला, दरवाजा आत उघडणार की बाहेर, ग्राउटचा रंग कोणता, कपाटांच्या मुठी कशा, याची उत्तरे ऐन कामात, हातोड्याच्या आवाजात, समोर कामगार खोळंबलेला असताना द्यावी लागतात आणि तिथेच पुढच्या पश्चात्तापाचे बीज पडते. ज्या वस्तूंवर भिंतीआडचे काम अवलंबून असते, म्हणजे नळ, गीझर, सिंक, कमोड, दिव्यांच्या व बटणांच्या जागा, त्यांची निवड पहिला हातोडा पडण्यापूर्वी झालेली असावी. टाइल आणि फरशी आधी निवडून मागवून ठेवाव्यात आणि माप निघेल त्यापेक्षा साधारण १० टक्के अधिक घ्याव्यात, कारण कापताना काही तुटतात आणि नंतर त्याच छटेचा माल मिळेलच असे नाही.

उरलेल्या निर्णयांसाठी आठवड्यातून एकदा कंत्राटदाराला विचारावे, की येत्या आठ दिवसांत आमच्याकडून कोणत्या गोष्टी ठरवून हव्या आहेत. ती यादी घेऊन घरातल्यांनी शांतपणे बसावे, झोपेच्या वेळी नव्हे. प्रत्येक गोष्टीत सर्वांचे मत घेण्याची गरज नसते. स्वयंपाकघरातले शेवटचे मत तिथे अधिक काळ वावरणाऱ्याचे, विजेच्या जागांचे दुसऱ्याचे, अशी वाटणी केली आणि ती पाळली, तर निम्मे वाद सुरूच होत नाहीत. एकदा केलेली निवड पुन्हा उघडायची नाही, हाही नियम हवा. दोन छटांमधला जो फरक नमुना हातात धरून महत्त्वाचा वाटतो, तो भिंतीला रंग लागल्यानंतर सहसा कोणाच्या लक्षातही राहत नाही.

एक खोली, जिथे काम शिरणार नाही

कितीही लहान घर असले, तरी एक खोली किंवा निदान खोलीचा एक भाग कामापासून पूर्णपणे मुक्त ठेवावा. तिथे स्वच्छ अंथरूण, औषधे, कागदपत्रे, चार्जर, मुलांची दप्तरे आणि दोन आठवड्यांचे कपडे असावेत. कामगारांचे सामान तिथे एका रात्रीपुरतेही ठेवू देऊ नये. अनेक घरांत सर्व खोल्यांचे काम थोडे थोडे करून एकदमच उघडले जाते आणि मग टेकायला जागाच उरत नाही. त्याऐवजी एकेक खोली पूर्ण करून घ्यावी. कंत्राटदाराला हे थोडे गैरसोयीचे वाटेल आणि काही कामांसाठी माणसे पुन्हा बोलवावी लागल्याने खर्चही किंचित वाढेल, परंतु राहत्या घरात तो खर्च योग्य आहे असे मला वाटते.

धुळीकडे केवळ अस्वच्छता म्हणून पाहू नये. काँक्रीट, विटा, टाइल आणि ग्रॅनाइट कापताना उडणाऱ्या धुळीत स्फटिकरूप सिलिका असते आणि तिचे सर्वांत बारीक कण डोळ्यांना न दिसता तासन् तास हवेत राहून फुप्फुसांत खोलवर जातात. दीर्घकाळ ही धूळ श्वासात गेल्यास सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होतो. त्याचा धोका घरच्यांपेक्षा कामगारांना कितीतरी अधिक असतो, म्हणून कटरवर पाणी सोडून ओले कापण्याचा आग्रह धरणे आणि एन-९५ दर्जाचे मास्क आणून देणे हे घरमालकाचेही कर्तव्य आहे. तोंडावर बांधलेला रुमाल हे कण अडवू शकत नाही.

कामाच्या खोलीच्या दारावर जाड प्लास्टिकची ताडपत्री वरून खालपर्यंत चिकटपट्टीने बसवावी आणि तिच्या खालच्या कडेला ओले फडके दाबून ठेवावे. त्या खोलीच्या खिडकीत बाहेर हवा फेकणारा पंखा लावला, तर हवा स्वच्छ भागाकडून कामाच्या भागाकडे वाहते आणि धूळ उलट दिशेने येत नाही. कामाच्या वेळी एसी बंद ठेवावा आणि त्याच्या जाळ्या नेहमीपेक्षा अधिक वेळा धुवाव्यात. कोरडा झाडू मारू नये, त्याने बसलेली धूळ पुन्हा उडते; ओल्या फडक्याने पुसावे, किंवा अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम क्लीनर वापरावा. कामाच्या भागातल्या चपला स्वच्छ खोलीच्या उंबरठ्याबाहेरच काढाव्यात. राडारोडा रोजच्या रोज गोण्यांत भरून बाहेर गेला पाहिजे, ही अट करारातच असावी. साचलेल्या ढिगाऱ्यावरून होणारी चिडचिड आणि त्यात पाय अडकून होणाऱ्या दुखापती या दोन्ही गोष्टी त्याने टळतात.

आवाजाचेही गणित आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत ऐकणे ही शिफारस केलेली मर्यादा आहे, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. कटर किंवा ब्रेकर सहज १०० डेसिबलच्या आसपास जातो आणि त्या पातळीला ही मर्यादा अवघी पंधरा मिनिटे उरते. लहान मुलांना त्या खोलीजवळ थांबू देऊ नये, आणि मोठ्यांनीही देखरेखीला उभे राहताना कानात बोळे घालावेत.

स्वयंपाकघर बंद असेल, तर स्वच्छ भागात एक टेबल, एक इंडक्शन शेगडी, मोजकी भांडी आणि पिण्याच्या पाण्याचा साठा एवढे मांडून घ्यावे. भांडी घासायची जागा आधीच ठरवावी, कारण तात्पुरत्या स्वयंपाकघरात सर्वाधिक अडचण तिचीच होते. बाकीचे सामान खोक्यांत भरून प्रत्येकावर क्रमांक घालावा आणि कोणत्या खोक्यात काय आहे हे वहीत लिहावे.

कंत्राटदाराशी व्यवहार

घरातल्या एकाच व्यक्तीने कामाविषयी सूचना द्याव्यात. तिघांनी तीन वेळा वेगवेगळे सांगितले की काम चुकते आणि मग चूक कोणाची यावर घरात भांडण होते. जे ठरेल ते त्याच दिवशी लिखित संदेशाने कळवावे, आणि कामात बदल करायचा असेल तर त्याचा खर्च व त्यामुळे वाढणारे दिवस दोन्ही लिहून घेतल्याशिवाय होकार देऊ नये. पैसे तारखांप्रमाणे न देता पूर्ण झालेल्या टप्प्यांप्रमाणे द्यावेत आणि शेवटचा एक लहान हप्ता सर्व त्रुटी दूर होईपर्यंत राखून ठेवावा. भिंती बुजवण्यापूर्वी पाइप आणि वायरिंगची छायाचित्रे मोजपट्टी लावून काढावीत. पुढे भिंतीला ड्रिल मारताना धास्ती वाटत नाही.

कामगारांवर राग काढण्याने काम सुधारत नाही. त्यांना पिण्याचे पाणी, बसायला सावली आणि वापरायला स्वच्छतागृह यांची सोय असावी, ही साधी माणुसकी आहे. चुकीचे काम दिसले तर त्याच दिवशी, नेमकी चूक दाखवून सांगावे. साठवून ठेवलेली तक्रार नंतर संतापाच्या रूपाने बाहेर पडते, आणि तोवर चुकीवर दुसरे काम चढलेले असते.

घरातली माणसे

वयस्कर व्यक्तींना धुळीपेक्षाही वस्तू जागेवर नसण्याचा त्रास अधिक होतो. त्यांचा बिछान्यापासून स्वच्छतागृहापर्यंतचा मार्ग रात्री मोकळा आणि उजेडाचा असला पाहिजे. वायर, गोण्या आणि सैल प्लास्टिक यांवरून पडण्याचा धोका खरा आहे. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीला या काळात परिचित आप्तांकडे ठेवणे शक्य असेल तर ते करावे. मुलांना काय होणार आहे हे सोप्या शब्दांत सांगावे आणि त्यांच्या जेवणाच्या, झोपेच्या वेळा बदलू देऊ नयेत. पाळीव प्राणी उघड्या दारातून घाबरून पळू शकतात, म्हणून त्यांना बंद खोलीत ठेवावे. शेजाऱ्यांना काम सुरू होण्याआधी भेटून आवाजाचे दिवस सांगितले, तर त्यांची तक्रार येते तेव्हाही ती समजुतीच्या सुरात येते.

जोडीदारांमध्ये ताण वाढणे या काळात स्वाभाविक आहे, आणि त्याचा अर्थ नाते बिघडले असा लावू नये. दिवसातला अर्धा तास असा ठेवावा, ज्यात घराच्या कामाचा विषय काढायचाच नाही. आठवड्यातून एक दिवस काम पूर्ण बंद ठेवावे आणि शक्य झाल्यास त्या दिवशी घराबाहेर पडावे.

काम अर्ध्यावर आले की सर्वांत वाईट काळ येतो, हे आधीच माहीत असावे. जुने घर गेलेले असते, नवे दिसत नसते आणि उत्साह संपलेला असतो. डार्बी सॅक्स्बी आणि रेना रेपेटी या मानसशास्त्रज्ञांच्या २०१० सालच्या अभ्यासात ज्या स्त्रियांनी आपल्या घराचे वर्णन पसारा आणि अपुरी राहिलेली कामे यांच्या भाषेत केले, त्यांच्यात कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी दिवसभरात जशी उतरायला हवी तशी उतरत नव्हती, असे आढळले. अपुरेपणा शरीरालाही जाणवतो, हे लक्षात घेऊन या टप्प्यावर एखादी लहान जागा, भले ती केवळ हात धुण्याची असो, पूर्ण करून वापरात आणून घ्यावी. झोप सतत मोडत असेल, छातीत धडधड होत असेल किंवा उदासी काही आठवडे हटत नसेल, तर काम संपेल तेव्हा बरे वाटेल म्हणून थांबू नये, डॉक्टरांना भेटावे.

शेवटचा टप्पा

काम जवळजवळ संपले, या अवस्थेत घरे महिनोन् महिने अडकून राहतात. एखादे बिजागर सैल, एक बटण बंद, एका कोपऱ्यात रंग लागायचा राहिलेला. दिवसाउजेडी खोलीखोलीतून फिरून, प्रत्येक नळ, दार, खिडकी आणि बटण वापरून पाहून त्रुटींची एकच यादी करावी, ती कंत्राटदाराबरोबर वाचावी, तारीख ठरवावी आणि राखून ठेवलेला हप्ता त्या तारखेशी बांधावा. रंगाचा आणि पॉलिशचा वास असेपर्यंत खिडक्या उघड्या ठेवाव्यात व त्या खोलीत लहान मुलांना झोपवू नये. खोकी सगळी एकदम उघडू नयेत. आधी झोपण्याची जागा, मग स्वयंपाकघर, बाकीचे सवडीने. उरलेल्या टाइल, रंगांच्या छटांचे क्रमांक, हमीपत्रे आणि भिंतीआडच्या पाइपांची छायाचित्रे एकत्र ठेवावीत. आणि पडदे बदलू, बाल्कनीही करून टाकू, अशी नवी कामे या महिन्यात सुचू लागली, तर ती वहीत लिहून ठेवावीत व पुढच्या वर्षाआधी त्यांपैकी एकालाही हात लावू नये.